अँटनी हे आधी आडनाव होतं

मुलांच्या नावांचे अर्थ देणाऱ्या याद्यांमध्ये 'अँथनी'समोर बहुतेक वेळा 'अमूल्य' असं छापलेलं असतं. काही याद्या 'फूल' म्हणतात. हे दोन्ही अर्थ मागाहून चिकटवलेले आहेत. मूळ लॅटिन नाव अंतोनिउस, आणि लॅटिनमधल्या कुठल्याही ओळखीच्या शब्दापासून ते साधता येत नाही. ते एत्रुस्कन भाषेतून आलं असावं असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. एत्रुस्कन म्हणजे रोमच्या उत्तरेला, आजच्या तोस्कानाच्या भागात राहणारे लोक. रोम अजून लहान होतं तेव्हा यांची शहरं भरभराटीला आलेली होती, आणि परंपरेप्रमाणे रोमचे शेवटचे राजेही त्यांच्यातलेच होते. त्यांचे कोरीव लेख आपल्याला वाचता येतात, पण भाषा पुरती उलगडलेली नाही. त्यामुळे अर्थाचा शोध तिथे अडतो, आणि जो अडत नाही त्याने मधली जागा कल्पनेने भरलेली असते.

अर्थ हाती लागत नसला तरी इतिहास भरपूर लागतो. पहिली गोष्ट म्हणजे अंतोनिउस हे मुलाचं ठेवलेलं नाव नव्हतंच. ते कुळाचं नाव होतं. आपल्याकडे बारशाला मुलाच्या कानात कोणी 'कुलकर्णी' असं सांगितलं तर जसं विचित्र वाटेल, तसंच सीझरच्या काळातल्या रोमन माणसाला एखाद्याचं पाळण्यातलं नाव अंतोनिउस आहे हे ऐकून वाटलं असतं. आज जगभर लाखो आईबाप हेच नाव हौसेने ठेवतात. हा बदल कसा झाला हे समजायला रोमन लोकांची नाव ठेवण्याची रीत थोडी खोलात पाहावी लागते.

रोमन नागरिकाच्या नावाचे साधारण तीन भाग असत. पहिलं नाव घरच्यांनी हाक मारायचं. दुसरं कुळाचं, ते बहुधा '-इउस'ने संपतं, जसं जुलिउस, तुल्लिउस, अंतोनिउस. तिसरं त्या कुळातल्या एखाद्या शाखेचं, आणि ते बऱ्याचदा कुणा पूर्वजाच्या टोपणनावातून आलेलं असे. मार्कस तुल्लिउस सिसरो या प्रख्यात वक्त्याच्या नावातला 'सिसरो' लॅटिनमधल्या हरभऱ्याच्या शब्दावरून आला आहे. कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती म्हणे. टोपणनाव एका माणसाला पडलं आणि घराण्याला कायमचं चिकटलं. आपल्याकडच्या कित्येक आडनावांच्या कथा याहून फार वेगळ्या नाहीत.

गंमत आहे ती पहिल्या नावाची. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या काळात रोममध्ये नेहमीच्या वापरातली पहिली नावं जेमतेम दीड डझन होती. मार्कस (मार्स या युद्धदेवावरून), लुशियस (प्रकाशाच्या शब्दावरून), क्विंटस म्हणजे पाचवा, सेक्स्टस म्हणजे सहावा, डेसिमस म्हणजे दहावा, अशी. इतक्या कमी नावांवर भागत असल्यामुळे लिहिताना ती पूर्ण लिहायचीही गरज नसे. नुसतं 'एम' कोरलं की लोक मार्कस वाचायचे. थोरल्या मुलाला सहसा बापाचंच नाव मिळायचं. म्हणून इतिहासात एकापाठोपाठ एक असे तीन मार्कस अंतोनिउस भेटतात. आजोबा मोठा वक्ता, इ.स.पू. 99 मध्ये कॉन्सल (रोममधलं सर्वोच्च पद) झालेला, इ.स.पू. 87 मध्ये यादवीत मारला गेला आणि त्याचं मुंडकं रोमच्या भर चौकात, भाषणाच्या व्यासपीठावर लटकवलं गेलं. मुलगा समुद्री चाच्यांचा बंदोबस्त करायला गेला आणि क्रीटमध्ये मार खाऊन बसला. नातू इ.स.पू. 83 मध्ये जन्मला. तोच आपल्याला माहीत असलेला, सीझरचा सेनानी मार्क अँटनी. या घराण्याला तिसरं, शाखेचं नाव नव्हतं, म्हणून त्याचं नाव दोन शब्दांतच संपतं.

मुलींच्या वाट्याला तर स्वतंत्र नाव बहुधा येतच नसे. बापाच्या कुळनावाचं स्त्रीलिंगी रूप हेच तिचं नाव. अँटनीला त्याची बायको ऑक्टेव्हिया हिच्यापासून दोन मुली झाल्या. दोघींचं नाव अंतोनिया. ओळखायला थोरली अंतोनिया आणि धाकटी अंतोनिया. या दोघींना विसरू नका, पुढे त्यांचं काम आहे.

नावाला अर्थ नाही ही गोष्ट खुद्द अँटनीलाही सलत असावी. त्याच्या घराण्यात अशी समजूत होती की आपण हर्क्युलिसच्या 'अंतोन' नावाच्या मुलाचे वंशज. प्लुटार्क या ग्रीक चरित्रकाराने अँटनीच्या चरित्रात ही कथा दिली आहे आणि वर हेही सांगितलंय की चार लोकांत जाताना तो अंगरखा कंबरेशी खोचून, बाजूला मोठी तलवार लटकावून, जाडाभरडा झगा पांघरून जायचा, म्हणजे बघणाऱ्याला हर्क्युलिस आठवावा. ग्रीक पुराणकथांत या अंतोनला एरवी कोणी विचारत नाही. नावावरून पूर्वज तयार केला गेला हे उघड आहे. सीझरचं घराणं स्वतःला थेट व्हीनस देवीचे वंशज म्हणवत होतं, तेव्हा त्या काळच्या रोममध्ये हा प्रकार चारचौघांसारखाच म्हणायचा.

या नावावर खरं संकट आलं ते इ.स.पू. 30 मध्ये. आधीच्या वर्षी ॲक्टियमच्या समुद्रातल्या लढाईत ऑक्टेव्हियनने (हाच पुढे सम्राट ऑगस्टस झाला) अँटनी आणि क्लिओपात्राचा पराभव केला होता. अलेक्झांड्रिया पडताना अँटनीने स्वतःला संपवलं. बातमी रोमला पोचली तेव्हा कॉन्सलच्या पदावर होता सिसरोचा मुलगा. तेरा वर्षांपूर्वी, इ.स.पू. 43 मध्ये, याच अँटनीच्या हुकुमावरून सिसरोला ठार मारून त्याचं मुंडकं आणि हात त्या व्यासपीठावर ठोकले होते, जिथे एकदा अँटनीच्या आजोबांचं मुंडकं लटकलं होतं. आता मुलाच्या कारकिर्दीत सिनेटने ठराव केला: अँटनीचे पुतळे उतरवायचे, मानसन्मान रद्द करायचे, आणि अंतोनिउस कुळातल्या कुणीही यापुढे 'मार्कस' हे नाव ठेवायचं नाही.

हा ठराव नीट पाहण्यासारखा आहे. बंदी अंतोनिउस या नावावर नाही, मार्कसवरही नाही. रोम मार्कसांनी भरलेलं होतं. बंदी आहे ती दोन नावं एकत्र येण्यावर, कारण ती जोडी म्हणजे तो माणूस. कुळनाव काढून घेता येत नव्हतं, ते जन्माने मिळायचं. ठेवलेल्या नावावर मात्र सरकारचा हात पोचत होता. अँटनीचा जिवंत राहिलेला मुलगा युल्लुस अंतोनिउस ऑक्टेव्हियाच्या घरात वाढला आणि इ.स.पू. 10 मध्ये स्वतः कॉन्सल झाला. आठ वर्षांनी मात्र ऑगस्टसच्या मुलीशी असलेल्या प्रकरणात त्याला जीव गमवावा लागला.

दगडावर याची खूण अजून दिसते. रोममधल्या कॅपिटोलाइन म्युझियममध्ये कॉन्सलांच्या नावांच्या संगमरवरी याद्या लावलेल्या आहेत. त्यांत मार्कस अंतोनिउसचं नाव छिन्नीने खोडून काढलेलं आहे, आणि नंतर त्याच खोडलेल्या खोलगट जागेत पुन्हा कोरलेलं आहे. खोडणाऱ्याच्या तावडीतून बिचारे आजोबाही सुटले नाहीत. त्यांचंही नाव आधी गेलं, मग परत आलं. नाव एकच असण्याचा हा तोटा. नावं परत कोरायला लावली ती ऑगस्टसने, म्हणजे अँटनीला हरवणाऱ्या ऑक्टेव्हियननेच. जिंकलेल्या माणसाला औदार्य परवडतं.

आता त्या दोन अंतोनिया. थोरलीचा नातू नीरो. धाकटीचा मुलगा क्लॉडियस आणि नातू कॅलिगुला. तिघेही सम्राट. ज्या माणसाचं नाव सिनेटने पुसायला घेतलं त्याचं रक्त मुलींच्या वाटेने थेट सिंहासनावर बसलं, आणि कुळनाव बापाकडून येत असल्यामुळे यांच्यापैकी कुणाच्याही नावात अंतोनिउस नव्हतं. क्लॉडियसला याची जाणीव होती. अँटनीचा जन्मदिवस आधी अशुभ म्हणून जाहीर झालेला. योगायोग असा की क्लॉडियसच्या बापाचाही जन्म त्याच तारखेचा. क्लॉडियसने एका फर्मानात म्हटलं की माझ्या वडिलांचा वाढदिवस साजरा व्हावा असं मला जास्तच वाटतं, कारण तो माझे आजोबा अँटनी यांचाही वाढदिवस आहे. सगळा दरबार ज्याला बुद्दू समजत होता त्याचं हे वाक्य. मला तरी ते बरंच हुशारीचं वाटतं.

नाव पसरलं ते मात्र घराण्याच्या वंशजांमुळे नाही. ते पसरलं गुलाम आणि परके यांच्यामुळे. रोमन मालकाने गुलामाला रीतसर मुक्त केलं की तो नागरिक व्हायचा आणि मालकाचं कुळनाव घ्यायचा. एखाद्या परक्या माणसाला रोमन पुढाऱ्याच्या शिफारशीने नागरिकत्व मिळालं तर तोही त्या पुढाऱ्याचं कुळनाव लावायचा. धाकट्या अंतोनियाचा मुक्त केलेला गुलाम पल्लास हा पुढे क्लॉडियसच्या तिजोरीचा कारभारी आणि साम्राज्यातल्या गडगंज माणसांपैकी एक झाला; त्याचं पूर्ण नाव मार्कस अंतोनिउस पल्लास. म्हणजे जी जोडी अँटनीच्या वंशात ठेवायला बंदी होती ती त्याच्या मुलीच्या गुलामाच्या नावात दिसते. अँटनीने स्वतः कित्येक वर्षं पूर्वेकडचा कारभार पाहिलेला. तिकडे त्याच्या कृपेने नागरिक झालेल्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंतोनिउस लावत राहिल्या. जेरुसलेममध्ये हेरोद राजाने बांधलेल्या किल्ल्याचं नावही त्याच्यावरूनच, अंतोनिया. (याच नावाला शेपूट लागून 'अंतोनिनुस' झालं. त्या नावाच्या सम्राटाने, अंतोनिनुस पायसने, इ.स. 142 च्या सुमारास स्कॉटलंडच्या कमरेला सुमारे 60 किलोमीटरची मातीची भिंत घालायला सुरुवात केली. तो वेगळा फाटा आहे, त्यात शिरत नाही.)

मग इ.स. 212 मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना एका फटक्यात नागरिकत्व दिलं. रीतीप्रमाणे या नव्या नागरिकांनी सम्राटाचं कुळनाव घेतलं, ऑरेलिउस. गावच्या गाव ऑरेलिउस झालं. जे नाव सगळ्यांचं असतं त्याने कुणालाच ओळखता येत नाही. कुळनावाचा कामापुरता उपयोगही संपला आणि तीन भागांची ती जुनी रीत हळूहळू विरघळली. सामान्य माणूस एकाच नावाने ओळखला जाऊ लागला. ते एक नाव कुठलंही असू शकायचं, एके काळचं कुळनावसुद्धा. अंतोनिउसचं 'मुलाचं नाव' झालं ते या पडझडीत.

त्याला प्रतिष्ठा मिळाली ती इजिप्तमध्ये. इ.स. 251 च्या सुमारास तिथल्या एका खात्यापित्या शेतकरी घरात जन्मलेला अंतोनिउस नावाचा तरुण एके दिवशी चर्चमध्ये गेला. तिथे बायबलमधलं वचन कानावर पडलं: तुझ्याजवळ आहे ते विकून गरिबांना दे. घरी येऊन त्याने वडिलोपार्जित जमीन वाटून टाकली आणि वाळवंटात जाऊन राहिला. ख्रिस्ती संन्यासपरंपरेचा तो आद्यपुरुष मानला जातो. इ.स. 356 मध्ये वारला तेव्हा त्याचं वय 105 होतं असं त्याचं चरित्र सांगतं. हा माणूस कॉप्टिक ही इजिप्तची भाषा बोलायचा. ग्रीक पंडित भेटायला आले की मध्ये दुभाषी लागायचा. रोमच्या एका उमराव कुळाचं नाव लॅटिनचा गंध नसलेल्या इजिप्शियन शेतकऱ्याला मिळालं आणि जगाने ते त्याच्याकडून घेतलं, मार्क अँटनीकडून नाही. अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ग्रीकमध्ये लिहिलेलं त्याचं चरित्र लगेच लॅटिनमध्ये गेलं आणि युरोपभर वाचलं गेलं.

मध्ययुगात त्याच्या नावाचा एक रोगही होता, संत अँटनीची आग. राय धान्याच्या कणसांवर वाढणारी अर्गट ही विषारी बुरशी पिठातून पोटात गेली की हातापायांची आग व्हायची, रक्तपुरवठा बंद होऊन बोटं काळी पडून गळायची. कारण कुणालाच कळत नव्हतं. फ्रान्समध्ये अकराव्या शतकाच्या अखेरीस उभ्या राहिलेल्या संत अँटनीच्या पंथाच्या साधूंनी या रोग्यांसाठी दवाखाने चालवले. म्हणून घाबरलेल्या युरोपच्या तोंडी हे नाव सारखं असायचं.

आपल्याकडे आलेला अँटनी मात्र हा नव्हे. इ.स. 1195 मध्ये लिस्बनमध्ये एक मुलगा जन्मला, त्याचं नाव फर्नांदो. इ.स. 1220 मध्ये कोइंब्राजवळच्या एका छोट्या फ्रान्सिस्कन मठात तो दाखल झाला. मठ इजिप्तच्या अँटनीच्या नावाचा होता, म्हणून याने तेच नाव घेतलं. पुढे इटलीत प्रवचनकार म्हणून गाजला, 13 जून 1231 ला पादुआजवळ वारला, आणि वर्ष उलटायच्या आत पोपने त्याला संत जाहीर केलं. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून ज्याला साकडं घालतात तो हाच. मंगळवारी त्याची भक्ती करतात, कारण त्याला पुरलं तो वार मंगळवार.

पोर्तुगीज भाषेने या दोन संतांची एक सोय करून ठेवली आहे. लॅटिनमधून बोलीभाषांत नाव उतरताना शेवटचा 'स' गळतो, म्हणून इटालियन आणि स्पॅनिशमध्ये अंतोनियो, फ्रेंचमध्ये आंत्वान, जर्मन आणि रशियनमध्ये आंतोन. पोर्तुगीजमध्ये मात्र रूपं दोन राहिली. लिस्बनचा तो अंतोनियो आणि इजिप्तचा तो 'अंतांव', शेवटी नाकात जाणारा उच्चार. गोव्यात दोन्ही पोचली. अंतोनियो नाव म्हणून. कोकणीत त्याचं आंतोन झालं आणि लाडाने टोनी. अंतांव आडनाव म्हणून. बाप्तिस्म्याच्या वेळी नवं नाव आणि बहुधा धर्मपित्याचं आडनाव मिळायचं, त्यातून ही आडनावं रुजली. रोममध्ये कुळनाव म्हणून निघालेला शब्द इजिप्तमध्ये एका माणसाचं नाव झाला आणि गोव्यात येऊन परत आडनाव झाला.

पादुआच्या या संताने गोव्यात चांगलंच बस्तान बसवलं. जुन्या गोव्यात टेकडीवर त्याचं एक चॅपेल आहे. तिथल्या मूर्तीला पोर्तुगीज सैन्यात कॅप्टनचा हुद्दा आणि पगार होता. शिवोलीच्या चर्चमधल्या त्याच्या मूर्तीच्या हातात दोरीला बांधलेला साप दिसतो. चर्च बांधताना एक नाग त्रास देत होता आणि संताने तो धरला, अशी तिथली दंतकथा. मराठीच्या अभ्यासकांना या संताची ओळख वेगळ्या वाटेने आहे. सतराव्या शतकाच्या मध्याला अंतोनियो द सालदान्हा या जेझुइट पाद्रीने आपल्या नावाच्या संताचं चरित्र आणि त्याचे चमत्कार इथल्या भाषेत, रोमन लिपीत लिहून छापले. तीनशे वर्षांनी अ. का. प्रियोळकरांनी ते संपादित करून पुन्हा वाचकांसमोर आणलं. जुनी गोमंतकी भाषा कशी होती हे पाहायचं तर हे चमत्कार वाचावे लागतात.

मडगावशी नातं सांगणारे अंतोनियो कोस्ता 2015 ते 2024 पोर्तुगालचे पंतप्रधान होते. घरचे त्यांना 'बाबुश' म्हणतात. आणि हिंदी सिनेमातल्या गाण्यातून घरोघरी पोचलेलं 'अँथनी गोन्साल्विस' हे मुळात गोव्यातल्या माजोर्ड्याच्या एका खऱ्या व्हायोलिनवादकाचं नाव. संगीतकार प्यारेलाल त्याच्याकडे व्हायोलिन शिकले होते.

राहिला प्रश्न 'अँटनी' की 'अँथनी'. मूळ रोमन नावात 'टी'नंतर 'एच' नव्हता. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रज पंडितांना वाटलं की हे नाव ग्रीकमधल्या 'अँथोस' म्हणजे फूल या शब्दावरून आलं असणार, म्हणून त्यांनी स्पेलिंगमध्ये 'एच' घुसवला. 'फूल' हा अर्थ आला तो इथून. इंग्लंडमध्ये आजही लिहितात 'एच' घालून आणि म्हणतात बहुधा अँटनीच. अमेरिकेत स्पेलिंग पाहून लोक 'थ' म्हणू लागले, आपल्याकडे दोन्ही चालतं. केरळचे माजी मुख्यमंत्री ए. के. अँटनी आपलं नाव 'एच'शिवाय लिहितात. मुलाचं नाव ठेवणार असाल तर कुठलंही घ्या, फक्त जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच आधार आणि पासपोर्टवर येईल याची काळजी घ्या.